मा तू, ची क्रेदी?

गेल्या पितृपक्षातली गोष्ट. अप्पांची तिथी होती. तिकडे मिरजेत दादानं सगळं उरकून पंगतसुद्धा उठली होती आणि इकडे तोरिनोत, म्हणजे आपण ज्याला ट्युरिन म्हणतो तिथं, मी साडेदहाला अजून खीरच ढवळत होते. गवार मिळाली नाही म्हणून इथली लांबडी फरसबी, उडदाचे वडे, कढी, आणि केळीचं पान कुठलं मिळायला, ॲल्युमिनियमच्या डिशमध्येच सगळं थोडं थोडं वाढलं आणि बाहेर कठड्यापाशी नेऊन ठेवलं. आमची बिल्डिंग जुनी आहे, आतल्या चौकाकडे उघडणारी सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी, अगदी गिरगावातल्या चाळीसारखी, फक्त आवाज नाही. कावळे इथंही आहेत, पण राखाडी बंडी घालून वर काळं डोकं आणि काळे पंख लावल्यासारखे, आणि भलतेच सावध. एक समोरच्या धुराड्यावर बसून बघत होता. आधी आली ती कबुतरं. मी हातात झाडणी घेऊन त्यांना शुक्‌ शुक्‌ करत उभी, कावळा ढिम्म, आणि तेवढ्यात शेजारच्या सिन्योरा धुण्याची बादली घेऊन बाहेर आल्या.

हे काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. माझं इटालियन तेव्हा जेमतेम बाजाराला पुरेल एवढं, त्यामुळे श्राद्धाचा सगळा पसारा चार शब्दांत बसवावा लागला: माझे वडील, वारले, आज त्यांचा दिवस, हा पक्षी जेवला पाहिजे. सिन्योरांनी तोंडात कपड्याचा चिमटा धरून ऐकून घेतलं, एकदा डिशकडे पाहिलं, एकदा धुराड्याकडे, मग चिमटा काढून म्हणाल्या, "मा तू, ची क्रेदी?"

पण तू, तुझा विश्वास आहे यावर?

विचारण्यात खोच अजिबात नव्हती. उलट इतकी दोन वर्षं त्या माझ्याशी 'लेई' लावून, म्हणजे आपल्या अहो-जाहोनं बोलायच्या, त्या दिवशी पहिल्यांदा 'तू' म्हणाल्या. आणि हे इटालियन 'तू' म्हणजे आपलंच 'तू', स्पेलिंगसकट आणि जवळिकीसकट. मी म्हटलं, "नॉन लो सो." मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली आणि चादर वाळत घालायला लागल्या. कावळा शेवटी आला की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी आत जाऊन बसले, आणि दुपारी बघितलं तर डिश रिकामी होती. कबुतरंही असतील. आईनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, शिवला का गं? मी म्हटलं हो.

दोन-तीन दिवस तो प्रश्न पायात काटा राहून गेल्यासारखा सलत राहिला. खोटं बोलले याचं एवढं नाही, आईशी आपण त्याहून मोठं खोटं बोलतो. पण आमच्या घरात हा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारलाच नव्हता. म्हाळ असायचा, गुरुजी यायचे, 'श्रद्धेनं करतात ते श्राद्ध' हे त्यांचं ठरलेलं वाक्य व्हायचं, आम्ही वड्यांवर डोळा ठेवून बसायचो. अप्पांना तर देवाधर्माचं विशेष काही नव्हतंच. आजोबांच्या म्हाळाला ते दुकान अर्धा दिवस बंद ठेवायचे, तेवढाच त्यांचा वाटा, तोही कुरकुरत, कारण सणासुदीच्या आधीची गिऱ्हाइकी बुडायची.

दुकान किराण्याचं. आत शिरलं की गूळ, रॉकेल आणि तागाच्या पोत्यांचा मिळून एक वास, तो मला अजून स्वप्नात येतो, आणि गल्ल्यामागे पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरांत पाटी: आज रोख उद्या उधार. लहानपणी मला ती पाटी म्हणजे पक्कं आश्वासन वाटायचं. उद्या येऊ की मग! पाटीखालीच खिळ्याला सुतळीनं बांधलेली उधारीची वही लटकलेली असायची, म्हणजे पाटीचं म्हणणं पाटीखालीच खोडून काढलेलं. अप्पा रोज उधार द्यायचे. रोज आईशी त्यावरून वाजायचं.

आता गंमत बघा. आमच्या इथल्या कोपऱ्यावर एक बार आहे, इथं बार म्हणजे कॉफीचं दुकान, उभ्यानं कॉफी ढोसायची आणि निघायचं. त्या यंत्राच्या वर चौकटीत लावलंय: ओज्जी नॉन सी फा क्रेदितो, दोमानी सी. आज उधारी नाही, उद्या हो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटीच फसकन हसले, काउंटरमागचा माणूस बघायला लागला. सहा-सात हजार किलोमीटर लांब तीच पाटी, तोच चावटपणा! पण सिन्योरांच्या प्रश्नानंतर तीच पाटी परत वाचली तेव्हा डोळा अडकला तो 'क्रेदितो'वर. क्रेदी, क्रेदितो. त्यांनी मला विश्वासाबद्दल विचारलं होतं आणि शब्द वापरला होता उधारीचा. का उलटं?

मी बी.कॉम. आहे हे इथं सांगायला हवं, कारण हा शब्द मला त्याच्याही आधी भेटला होता. कन्साइनमेंट अकाउंट शिकताना 'डेल क्रेडेरे कमिशन' असायचं, आठवत असेल. माल विकणारा एजंट जेव्हा म्हणतो की गिऱ्हाइकानं पैसे बुडवले तर ते मी भरीन, तेव्हा त्याला नेहमीच्या कमिशनवर जे जादा मिळतं ते. आमचे सर त्याला 'डेल क्रेडरी' म्हणायचे, पाच मार्कांचा हमखास प्रश्न होता, आणि आमच्या अख्ख्या वर्गात ते डेल क्रेडरी म्हणजे कुठल्यातरी इंग्रज साहेबाचं नाव असावं अशी समजूत होती. तो साहेब नव्हताच. ते इटालियन व्यापाऱ्यांचं बोलणं आहे, देल क्रेदेरे, 'विश्वास ठेवण्याचं'. विश्वास ठेवण्याबद्दलचं कमिशन. अप्पांना आयुष्यात कधी कुणी दिलं नाही.

मग एका रात्री नवरा झोपल्यावर मी हा शब्द उकरायला घेतला. अशी सवय लागली की वाईट, एक वाजतो, दोन वाजतात, डोळे चुरचुरतात आणि आपण आपले शब्दाच्या आजोळी पोचलेले असतो. इटालियनमध्ये क्रेदेरे, त्याच्यामागे लॅटिनमध्येही जवळपास तेच, क्रेडेरे, दोन हजार वर्षांत शब्दाच्या अंगावर सुरकुतीसुद्धा नाही. पण लॅटिनमध्ये त्याचं भूतकाळाचं रूप होतं 'क्रेडिडी', मी विश्वास ठेवला, आणि त्या दोनदा येणाऱ्या 'डि'मुळे शब्दाचा सांधा दिसतो. एक अखंड धातू नाहीच तो, दोन तुकडे जोडलेत. पुढचा 'क्रेद', मागचा तुकडा आहे तो ठेवणे या अर्थाचा. लॅटिनपर्यंत येताना 'देणे' आणि 'ठेवणे' यांचे धातू आवाजानं एकमेकांत मिसळून गेले, आपल्याकडे ते शाबूत राहिले, दा आणि धा. ददाति आणि दधाति. आठवीत याच दोघांनी माझे दोन मार्क घालवले होते, लॅटिनवाल्यांचंही तेच झालं हे वाचून बरं वाटलं.

आणि पुढचा तुकडा? लॅटिनचा 'क' आपल्याकडे पुष्कळदा 'श' होऊन येतो. शंभरला लॅटिन केन्तुम्, संस्कृत शतम्. दहाला डेकेम्, आपलं दश. त्या हिशोबानं क्रेद चं काय होईल ते मी पेन घेऊन वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं. श्रद्. मागे धा.

श्रद्धा.

मी उठून पाणी प्यायले. म्हणजे त्या बाईंनी मला गॅलरीत, खिरीच्या डिशसमोर, श्राद्ध चालू असताना, श्राद्धाच्याच शब्दानं विचारलं होतं, आणि त्यांनाही ते माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. वाक्य नीट बघितलं तर 'तू' आपला आणि 'क्रेदी' आपला, मध्ये परका म्हणावा असा एक 'ची' उरतो. आणि मी उत्तर काय दिलं, तर माहीत नाही! त्यातल्या 'सो'चं मूळ सापेरे, लॅटिनमध्ये त्याचा आधीचा अर्थ चव लागणे. अजूनही इटालियन माणूस पदार्थाला चव नसली की हाच शब्द वापरतो. तसं पाहिलं तर मी त्यांना सांगत होते की मी अजून चाखलेलं नाही. जे खरंच होतं, नैवेद्य व्हायचा होता.

श्रद् म्हणजे काय यावर मात्र भांडणं आहेत आणि मला ती भांडणं फार आवडली. बहुतेकांचं म्हणणं, हृदय. लॅटिन कोर, ग्रीक कार्दिया, इंग्रजी हार्ट, रशियन सेर्द्त्से, सगळी एकाच घरची, आणि श्रद्धा म्हणजे हृदय ठेवणे, कुणावर तरी. ऐकायला छान आहे, आपल्याकडे 'जीव लावणे' आहेच. पण एक खडा लागतो. आपल्याकडे हृदय हे 'ह'नं सुरू होतं, नियमानं ते 'श'नं व्हायला पाहिजे होतं. भारत-इराणकडे येता येता कुठंतरी हृदयाचं पहिलं अक्षर बिघडलं, का ते कुणाला धड सांगता येत नाही, आणि श्रद् मात्र जुन्या अक्षरासकट तसाच राहिला. घरातली एक भावंड शहरात जाऊन बोलणं बदलते आणि दुसरी गावातच राहते, मग लग्नात भेटल्यावर लोक विचारतात, ह्या बहिणी का तुम्ही? तसं हृदय आणि श्रद्धा.

ऋग्वेदात तर ते दोन तुकडे अजून सुटे आहेत. दुसऱ्या मंडलातलं बारावं सूक्त, इंद्राचं, ज्यात शेवटचं सोडून प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'स जनास इन्द्रः' येतं. त्यातल्या पाचव्या ऋचेत कवी म्हणतो, लोक याच्याबद्दल विचारतात कुठंय तो, काही तर म्हणतात तो नाहीच. आणि मग: 'श्रदस्मै धत्त'. श्रद्, अस्मै, धत्त. त्याच्यावर श्रद् ठेवा. दोन तुकड्यांच्या मधे 'अस्मै' बिनधास्त मांडी घालून बसलेला, म्हणजे तेव्हा हा एक शब्द झालेलाच नव्हता, श्रद् नावाची काहीतरी वस्तू होती आणि ती उचलून ठेवता येत होती. आणि ठेवा कधी म्हणतोय कवी, तर लोक 'नाहीच तो' म्हणतायत त्याच श्वासात. सिन्योरांचा प्रश्न तिथंही कुणीतरी विचारून ठेवलाय.

एमिल बेन्व्हेनिस्त नावाचा एक फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ होता, त्यानं १९६९ साली लिहिलं की हृदय वगैरे काही नाही. त्याच्या मते हे श्रद् म्हणजे एक प्रकारची ठेव, गुंतवणूक म्हणा, माणूस देवावर ती लावतो आणि तिची परतफेड अपेक्षित असते, आणि म्हणून उधारीचा अर्थ विश्वासातून नंतर फुटलेला नाही, दोन्ही पहिल्यापासून एकत्रच आहेत. भाषाशास्त्रवाल्यांत अजूनही हृदयाचंच पारडं जड दिसतं. माझ्यातली बी.कॉम. बेन्व्हेनिस्तच्या बाजूला आहे आणि बाकीची मी हृदयाच्या. दहाव्या मंडलातलं श्रद्धासूक्त काढून बघितलं तर तिथं एका ओळीत दोन्ही निघालं: 'श्रद्धां हृदय्ययाकूत्या श्रद्धया विन्दते वसु'. हृदयातल्या इच्छेनं श्रद्धा, आणि श्रद्धेनं मिळतं काय तर वसु, धन. त्या कवीनं वाद मिटवून टाकलाय किंवा मग दोन्ही बाजूंना पुरावा देऊन पेटवून तरी दिलाय.

आणि आपल्याला यात नवल वाटायचं कारणच नाही. देव भावाचा भुकेला म्हणणारे आपणच आणि कांद्याचा भाव काय विचारणारेही आपणच. एकच शब्द. पत बघा, पतपेढी बघा. आणि म्हाळ तरी कशासाठी घालायचा? पितृऋण. ऋणच ना ते?

इटालियन लोकांनी तर हा शब्द फर्निचरपर्यंत नेलाय. सिन्योरांच्या जेवणाच्या खोलीत काचेच्या दारांचं एक काळपट कपाट आहे, चांगल्या बशा ठेवायचं, त्याला म्हणतात क्रेदेन्त्सा. मूळ अर्थ विश्वास. पूर्वी सरदार लोकांच्या जेवणाआधी नोकरानं प्रत्येक पदार्थ चाखून दाखवायचा, विष नाही याची खात्री, त्या चाखण्याला क्रेदेन्त्सा म्हणायचे, मग ज्या टेबलावर ते चाखलं जायचं त्याला, आणि मग त्या टेबलाचं झालं कपाट. जुन्या बोलण्यात 'आ क्रेदेन्त्सा' विकणं म्हणजे उधारीवर विकणं. हे कळल्यापासून मी त्या कपाटाला हात लावताना उगीच जपून लावते.

शोधता शोधता मी शेवटी गोव्यात निघाले, त्याचीही गंमत वाटली. फिलिप्पो सास्सेत्ती म्हणून फ्लॉरेन्सचा एक व्यापारी, मिरीच्या खरेदीसाठी १५८३ मध्ये कोचीनला आला, पुढे गोव्यात राहिला आणि १५८८ मध्ये तिथंच वारला. त्यानं घरी पत्रं लिहिली, आणि त्यातल्या १५८५ च्या पत्रात म्हटलंय की इथल्या पंडितांच्या भाषेत आपले बरेच शब्द आहेत. देव आणि दिओ. सर्प आणि सेर्पे. सप्त, अष्ट, नव आणि सेत्ते, ओत्तो, नोवे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मुळातून निघालेल्या असाव्यात असं विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशानं कलकत्त्यात १७८६ मध्ये भाषणात सांगितलं ते सगळ्यांना पाठ असतं, त्याच्या दोनशे वर्षं आधी हा मिरीवाला आकडे मोजत होता. बाजारात उभं राहिलं की आधी आकडेच कानावर पडणार म्हणा. क्रेदेरेपर्यंत तो पोचला नाही. इतका उधारीच्या धंद्यातला माणूस असून नाही पोचला याची मला उगाच चुटपुट लागली.

आमच्या इटालियनच्या वर्गात, म्हणजे मोठ्या माणसांच्या सरकारी शाळेत, बाईंनी एकदा फळ्यावर दोन वाक्यं लिहिली होती. 'मला माहीत आहे की तो घरी आहे' यात साधं 'ए', आहे. पण 'क्रेदो', मला वाटतं, माझा विश्वास आहे, म्हटलं की पुढं 'ए' चालत नाही, 'सिया' लावायचं. असावा. बाई म्हणाल्या, विश्वास म्हटला की व्याकरण शंका घेतं. वर्गात सेनेगलची दोन मुलं, एक मोरोक्कन आजी आणि मी, सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. सिया आपल्या स्यात् चा भाऊ, सख्खा नसला तरी चुलत. म्हणजे छातीठोकपणे विश्वास ठेवणाऱ्याला इटालियन भाषा 'आहे' म्हणूच देत नाही.

अप्पा गेल्यावर वही मी आणि दादानं मिळून बघितली होती. शेवटची सात-आठ पानं थकबाकीची. आकडे स्वच्छ, नावं मात्र अप्पांच्या पद्धतीची: मळ्यातली आक्का. लंगडा वायरमन. नवीन मास्तर. मास्तरांचा मेव्हणा. चष्मेवाली. कुणाचंही नाव नाही, आडनाव नाही. दादा म्हणाला, अरे वसुली करायची तर कुणाकडे जायचं? नवीन मास्तर म्हणजे कोण, दर तीन वर्षांनी नवीन मास्तर येतोच की. बेरीज अकरा हजारांच्या वर होती. तेराव्याला दोघं-तिघं आपणहून आले, पैसे देऊन गेले, एक बाई तीनशे ऐंशी रुपये रुमालात बांधून घेऊन आल्या आणि वहीत त्यांच्यासमोर किती लिहिलंय ते बघू द्या म्हणाल्या, पण आम्हाला त्या कोण तेच कळेना, आक्का का चष्मेवाली. चष्मा तर नव्हता. बाकीचे आले नाहीत. मला तेव्हा अप्पांचा रागच आला होता, खरं सांगते. नाव लिहायला काय झालं होतं? लॅटिनमध्ये क्रेडितोर म्हणजे घेणेकरी, शब्दशः ज्यानं विश्वास ठेवला तो. अप्पा देवळात जायचे नाहीत, पण रोज सकाळी सात ते रात्री नऊ ते काय करत होते याला त्या रात्री मला पहिल्यांदा क्रियापद मिळालं.

आणि मराठीत ते क्रियापद कुठलं लागतं? विश्वास ठेवणे. श्रद्धा ठेवणे. बँकेत ठेव, मुदत ठेव. आपलं 'ठेवणे' हे धा धातूकडून आलेलं नाही, ते स्था कडचं, स्थापनेच्या घरातलं, म्हणजे आपण जुनी मोळी विसरून नवीन लाकडं गोळा केली आणि परत तशीच बांधली. नैवेद्य ठेवतो. कावळ्याला घास ठेवतो. मी गॅलरीत ती डिश उचलून कठड्यापाशी नेली होती, आणि ठेवून आत आले होते.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला इथं मेलेल्यांचा दिवस असतो. सगळं शहर स्मशानभूमीकडे निघतं, ट्रामभर शेवंती. आपल्याकडे हारात, वेणीत असते तीच, इथं फक्त मेलेल्यांसाठी. सकाळी धुकं होतं, जिन्यात दिवा लागलेला, सिन्योरा दोन्ही हातांत पिवळ्या शेवंतीची कुंडी कवटाळून दाराशी उभ्या, पर्स खांद्यावरून घसरलेली. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यातली एकही दोन तारीख त्यांनी चुकवलेली नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. मी धीर करून म्हटलं, "ए लेई, ची क्रेदे?" मला अजून त्यांना तू म्हणवत नाही.

त्यांनी ओठ पुढे काढले, खांदे उडवले.

"बो," म्हणाल्या. म्हणजे काय की, कुणाला ठाऊक. आणि कुंडी माझ्या हातात दिली, किल्ल्या सापडेपर्यंत धर म्हणून.